साडेचार आणि साडेपाचच्या मधला छर्रा

मनोहर,

तुझ्या पुण्यानुमोदनाला मला दोन शब्द बोलायला उभं केलं, तेव्हा मी एवढंच म्हणालो, "मनोहर चांगला माणूस होता," आणि खाली बसलो. पांढऱ्या कपड्यातल्या त्या माणसांना वाटलं, सुधाकरला हुंदका आला. सुनंदावहिनींनी तशातही माझ्याकडे पाण्याचा गिलास पाठवला. हुंदका नव्हता आला रे. जे बोलायचं होतं ते भंतेजींसमोर, तुझ्या फोटोसमोर, तुझ्या भाचरांसमोर बोलवेना, आणि ते सोडून दुसरं काही सुचेना. बावीस वर्षांची मैत्री, आणि चौथीतल्या पोरानं निबंधात लिहावं तसं एक वाक्य. तू असतास तर घरी जाताना रस्ताभर माझी टिंगल केली असतीस.

म्हणून आता लिहायला बसलोय. लिहून तुला काही कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुझ्या घरात आत्मा-बित्मा कुणी मानत नाही, आणि तुझ्या संगतीत राहून मीही मानेनासा झालो. तरी लिहितो. ज्याला सांगायचं तोच गेला, तर माणसानं करायचं काय?

आपली ओळख झाली ती भांडणातूनच. शाळेच्या पंपाचा शाफ्ट वाकला होता आणि मी तो घेऊन वरठीच्या तुझ्या लेथवर आलो होतो. मी शाळेतला प्रयोगशाळा परिचर, म्हणजे बाटल्या धुणारा. पण तू पहिल्याच दिवसापासून मला मास्तर म्हणायला लागलास, आणि चिडलास की बाटलीमास्तर. तुझ्या भिंतीला एक एअरगन टेकवलेली होती. मी म्हणालो, माझ्याकडेही आहे, आसगावला शेतावर डबे उडवायचो. तू विचारलंस, "नळी किती?" मी म्हणालो, "साडेचार मिलिमीटर, सगळ्यांची असते तीच." तू लेथ बंद केलास. हात पुसलेस. आणि म्हणालास, "सगळ्यायची असते तेच तं बिमारी हाय गा मास्तर."

मग शाफ्ट राहिला बाजूला. पाऊण तास तू मला पाच मिलीच्या नळीवर व्याख्यान दिलंस. मॅंगनीजच्या खाणीवर ओव्हरसियर राहिलेल्या एका म्हाताऱ्याकडून तू ती बंदूक रीतसर कागदपत्रांसह घेतली होतीस. साडेचारच्या वर नळी गेली की परवाना लागतो, तोही तू काढला होतास. लोक ट्रॅक्टर घ्यायला जेवढ्या चकरा मारत नाहीत, तेवढ्या तू एका बंदुकीसाठी मारल्या होत्यास, आणि त्याही अशा बंदुकीसाठी की जिचा छर्रा भंडाऱ्यात नाही, नागपुरात नाही, कुठेच नाही.

तुझं म्हणणं सोपं होतं आणि आता वाटतं, बरोबरही असेल. साडेचारचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. सरळ जातो, वेगात जातो, पण तलावावरून वारं सुटलं की बाजूला सरकतो. साडेपाचचा ग्रॅमभराचा, वाऱ्याला दाद देत नाही, पण जड असल्यामुळे लांबवर खाली बसतो, आणि बंदुकीत हवेचा जोर कमी असला तर लवकरच बसतो. पाच मिलीचा या दोघांच्या मधला. पाऊण ग्रॅमच्या आसपास. "साडेचारासारखा सरळ, साडेपाचासारखा थिर," तू म्हणायचास. "मधल्या पोरासारखा. ना लाडका, ना दोडका. पण घर तोच सांभाळते."

मी म्हणायचो, ना घरचा ना घाटाचा.

माझाही मुद्दा काही वेडगळ नव्हता, हे तू मान्य कर. जी वस्तू दुकानात मिळत नाही ती चांगली असून काय उपयोग? स्पर्धा सगळ्या साडेचारवर, छर्रे कुठेही मिळणार ते साडेचारचे, परवान्याची कटकट नाही. तू म्हणायचास, कुणी घेत नाही म्हणून मिळत नाही आणि मिळत नाही म्हणून कुणी घेत नाही. "पयले कोणाले तरी मूर्ख बना लागते मास्तर. मी बनून राहिलो न. तुमी आरामात मागून या." मी म्हणायचो, मी येणार नाही. एवढं भांडण आपण वीस वर्षं पुरवलं. चहाच्या टपरीवर, रेल्वे फाटक बंद असताना, तुझ्या मुलाच्या, नितीनच्या लग्नात मांडवातसुद्धा. वहिनी म्हणायच्या, यांच्या तोंडात साडेचार आणि पाच सोडून दुसरा आकडा नाही.

मी जन्मात पाच मिलीची बाजू घेतली नाही, पण छर्रे करायला दर रविवारी तुझ्याकडे मीच असायचो. याचं कारण मला कुणी विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही. जुन्या केबलच्या शिशाची तू तार ओढायचास, तिचे तुकडे पाडायचास, आणि तू स्वतः लेथवर कोरलेल्या डायमध्ये एकेक तुकडा दाबून छर्रा काढायचास. कंबर बारीक, खाली घेर, पुढं गोल डोकं. दिवसाला चाळीस-पन्नास निघायचे. मी डोळ्याला लावून वाकडे-तिकडे बाजूला काढायचो आणि उरलेले सोमवारी शाळा सुटल्यावर, हेडमास्तरांना विचारून, प्रयोगशाळेतल्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलायचो. काही मिलिग्रॅमचा फरक. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण चाळीस पावलांवर तोच फरक बोटभर होऊन कागदावर उमटतो. वजनाला बरोबर उतरलेले एका डब्यात, न उतरलेले दुसऱ्या डब्यात.

तू खूण करायचास ती झाकणावर. कानशीनं एक रेघ म्हणजे चांगले, दोन रेघा म्हणजे टाकाऊ. मी तुला किती वेळा सांगितलं, खूण डब्याला कर, झाकणाला नको. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी हेच शिकवतात. बाटलीवर नाव लिहितात, बुचावर लिहीत नाहीत. बूच कुठंही जातं. तू म्हणायचास, "तुह्या शाळेत पोट्टे रायतेत. इथं आपण दोघंच. कोण बदलणार हाय झाकण?"

टाकाऊ शिसं दौलतचं, हा आपला रिवाज. एकदा दाबलेलं शिसं तू परत वितळवायचा नाहीस, त्यात राख शिरते म्हणायचास. गावतलावावर मासे धरणारा दौलत ते न्यायचा, त्याच्या गोळ्या करून जाळ्याच्या काठाला बांधायचा, आणि बदल्यात वाडगाभर झिंगे नाही तर एखादी मरळ तुझ्या दाराशी ठेवून जायचा. तुझ्या अपयशावर मासे पोसले जातात, असं मी म्हणायचो. तू हसायचास. तुला हरायचं कधी वाईट वाटलं नाही, हे मी तेव्हापासून बघत होतो. म्हणूनच पुढचं मला इतकं लागतं.

या वर्षी मात्र तू वेगळाच हट्ट धरलास. रविवारी संध्याकाळी नेमबाजीला जमणाऱ्या आपल्या मंडळीत सातजण, बाकी सगळे साडेचारवाले, तू एकटा पाचाचा. दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, मंडईच्या दिवशी, सगळे गावात असतात तेव्हा, तुझ्या धानाच्या बांधीत एकदाच सोक्षमोक्ष लावायचा. धान कापून झालेलं, मागे तलावाची उंच पाळ, म्हणजे छर्रा कुठं जायची भीती नाही. चाळीस पावलं, दहा-दहा छर्रे, तू आणि मी. तू जिंकलास तर त्यातले चौघे परवाना काढून पाचाची नळी घेणार. चौघं झाले की नागपूरच्या एका डायवाल्यानं छर्रे पाडून द्यायचं कबूल केलं होतं. तू हरलास तर पुन्हा पाचाचं नाव काढायचं नाही. ही शेवटची अट तूच घातलीस. मी नको म्हणालो होतो. आपण दुसरं बोलणार तरी काय होतो?

त्यासाठी तू पावसाळाभर छर्रे दाबलेस. शेकड्यांनी. त्यातून वजनाला काटेकोर असे साठ मी निवडले. साठांचा डबा आणि टाकाऊतल्या शेवटच्या खेपेचा डबा, दोन्ही सारखेच गोल पत्र्याचे, सारखेच भरलेले. साठांच्या डब्यात तळाशी मी सवयीनं चिठ्ठी ठेवली, त्यावर वजन लिहिलं. तू ती चिठ्ठी कधी वाचायचा नाहीस, तुझा विश्वास झाकणावरच्या रेघेवर आणि माझ्यावर.

शेवटच्या सोमवारी डब्यांना शिशाची काळी धूळ लागली होती. मला स्वच्छतेचं वेड. दोन्ही झाकणं काढली, ओल्या फडक्यानं पुसली, वाळायला खिडकीत ठेवली, आणि शिपाई कुलूप लावायला आला म्हणून घाईघाईनं लावून दिली.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. पुढची ओळ तुला माहीतच आहे.

एका रेघेचा डबा तुझ्या हातात दिला. दोन रेघांचा दौलतच्या सायकलला अडकवला. मनाला शंकासुद्धा शिवली नाही.

मंडईचा दिवस आला. गावात दंडारीच्या खेळाचा ढोल वाजत होता, पोरं नवे कपडे घालून फिरत होती, आणि आपण सातजण बांधीत, धानाच्या खुंटांवर तरटं टाकून बसलो होतो. वारं सुटलं तेव्हा तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. तुला वारं हवंच होतं. माझे छर्रे वाऱ्यानं सरकले, पण सगळे एकाच बाजूला सरकले, दहाच्या दहा तळहाताएवढ्या जागेत. तुझा पहिला वर गेला. दुसरा खाली. तिसरा काळ्या गोलाच्या बाहेर.  नळी तपासलीस, मांडी बदललीस, पुन्हा श्वास धरून बसलास. दहावा छर्रा कागदाच्या कोपऱ्यावर लागला. तुझ्यासारखा नेम आपल्यात कुणाचा नव्हता, आणि तुझा कागद बघून कुणीतरी म्हणालं, पोट्ट्याने मारल्यावानी दिसून राहिलं. तो गंमतच करत होता.

तू कागद घडी करून खिशात टाकलास. मला म्हणालास, "मारलं तुह्या साडेचारानं. बस झालं मास्तर. वीस वर्षं मीच चुकून राहिलो होतो." मग बंदुकीला कपडा गुंडाळलास आणि सगळ्यांना घरी नेलंस. वहिनींनी वडा-भात केला होता, तू सगळ्यांना आग्रह करकरून वाढत होतास. मी पोटभर जेवलो. आनंदानं जेवलो. ते मी लपवत नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी खरा ठरलो होतो.

चौथ्या दिवशी दौलत माझ्या घरी आला. तुझ्याकडे कुणी नव्हतं म्हणून डबा माझ्याकडे परत द्यायला. म्हणाला, "यावेळी लय बेस शिसं होतं भाऊ. सारखंच सारखं. वितळवाचं कामच नाई पडलं, एकएक गोळी तशीच दोरीले दाबून टाकली." डबा माझ्या हातात देऊन गेला. मी झाकण काढलं. तळाशी माझ्या अक्षरातली साठांच्या वजनाची चिठ्ठी होती.

मी झाकण लावलं आणि ओसरीवर बसलो. बायकोनं दोनदा विचारलं, चहा करू का. मी म्हणालो, कर. केला तेव्हा प्यायलो नाही.

आता जे लिहितो त्यासाठीच हे सगळं लिहिलं, मनोहर. मला त्याच दिवशी उठून तुझ्याकडे यायला हवं होतं. सायकलनं दहा मिनिटं. मी आलो नाही. पहिल्या दिवशी मनात काय आलं ते सांगतो, जसंच्या तसं. वाटलं, दोन दिवस जिंकू दे मला. वीस वर्षं ऐकून घेतलंय, दोन दिवसांनी काय बिघडतं? मग सांगू, हसू, पुन्हा बांधीत बसू, तू पुन्हा छर्रे दाबशील. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता सांगितलं तर तू विचारशील, दोन दिवस काय करत होतास? सातव्या दिवशी तर सांगायचं कारणच राहिलं नव्हतं, नुसती लाज राहिली होती. चुकीला माफी असते. चूक कळून गप्प बसलो, त्याला काय म्हणायचं?

एकदा आलो होतो, लेथवर. बोलायचंच असं ठरवून आलो होतो. तू कुणाच्या तरी शेतातल्या मोटारीचा शाफ्ट लावला होतास. म्हणालास, "थांब गा, हा होऊ दे, मंग चहा पिऊ." मी थांबलो. शाफ्ट झाला, चहा आला, मी शाळेतल्या नव्या बाकड्यांबद्दल बोललो. तू ऐकून घेतलंस. तू एकदाही पाचाचं नाव काढलं नाहीस. डाय फळीवर, तेल लावून, कापडात गुंडाळलेली. मी तिच्याकडे बघितलं आणि तू मी बघताना बघितलंस.  मी निघालो तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

चिठ्ठी सापडल्यापासून सोळा दिवस होते माझ्याकडे. सतराव्या सकाळी फोन आला.

लेथसमोरच्या स्टुलावरून खाली आलास म्हणे. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. सगळे म्हणतात, चांगलं मरण आलं, त्रास नाही झाला. मी मान डोलावतो. त्रास झाला का नाही, हे कुणाला माहीत? वीस वर्षं ज्या गोष्टीवर जीव लावला ती खोटी निघाली, असं समजून माणूस वीस दिवस जगला. ती खोटी निघाली नव्हती. निदान त्या दिवशी तरी नाही. पाच मिलीचा छर्रा त्या बांधीत उतरलाच नाही मनोहर, त्याचा टाकाऊ भाऊ उतरला, मी पाठवलेला.

पुण्यानुमोदन झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी बंदूक ठाण्यात जमा करून देऊ. परवाना त्यायच्या नावाचा, घरात ठेवणं बरोबर नाई. नितीन म्हणते, त्याले पुण्यात काय करायची ते." मी सोबत गेलो. ठाण्यातल्या हवालदारानं वहीत लिहिताना नळीवरचा आकडा वाचला आणि मान वर केली. "पाच? हा कोणता नंबर होय? याचे छर्रे भेटतेत का?" वहिनी म्हणाल्या, "नाई भेटत. आमचे हेच बनवत होते." त्यानं लिहून घेतलं. बंदूक आत गेली. कागदावर वहिनींनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. 

त्यानंतर मी पुन्हा तुझ्या लेथवर गेलो. वहिनींना म्हणालो, जरा साफसफाई करतो. डाय काढली, तार कापली, दाबायला लागलो. म्हटलं, साठ छर्रे तरी करून ठेवू. उद्या कुणी परवाना घेतला, बंदूक सोडवली, तर एकदा नीट बघता येईल. तीन दिवस दाबले. एकाचा घेर फाटला, एकाचं डोकं तिरकं, एक डायमध्येच चिकटून बसला, तो काढताना डायच्या काठाला ओरखडा आला. तू किती जोर द्यायचास, कुठं हात सैल सोडायचास, हे मी बावीस वर्षं शेजारी बसून बघितलं आणि मला येत नाही. मी फक्त तोलत होतो. जो करतो त्याच्या शेजारी बसून आपल्यालाही येतं असं वाटायला लागतं, तसलाच माझा प्रकार.

म्हणजे आता बंदूक ठाण्यात, छर्रे दौलतच्या जाळ्याला, डाय खराब, आणि हात तुझ्याबरोबर गेले. तेलही गेलं, तूपही गेलं. आपल्या रविवारच्या मंडळीनं परवा ठरवलं, यापुढे फक्त साडेचार. कुणाचा विरोध नाही, कारण विरोध करणारा नाही. माझी बाजू संपूर्ण जिंकली. आणि ज्यानं वीस वर्षं हेच मागितलं, तो मी त्या बैठकीतून चहा न पिता उठून आलो.

मी रोज मनात ती स्पर्धा परत खेळतो. बरोबर डबा तुझ्या हातात देतो. कधी तू जिंकतोस. कधी वारं एवढं सुटतं की दोघंही हरतो. कदाचित चांगल्या छर्र्यांनीही तू हरला असतास. पाच मिली खरंच काही खास नसेल. पण ते आता कळायचा मार्गच मी बुजवून टाकला, आणि तुला खोटं कळलं ते दुरुस्त करायची सोळा दिवसांची वाटही मीच चालत गेलो नाही. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना माझा हात पुढे गेला नाही, तो का गेला नाही हे वहिनींना कळलं नसेल असं मला वाटत होतं.

काल गेलो त्यांच्याकडे. न सांगता राहणंच अशक्य झालं. त्या अंगणात बसून तांदूळ निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झाकणं, दौलत, चिठ्ठी, सोळा दिवस. त्यांचा हात सुपात थांबला नाही. मी वाट बघत होतो की त्या रागावतील, हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

सुपाकडे बघतच म्हणाल्या, "बसा भाऊजी."

बसलो.

"हरल्याचं त्यायले काही नोतं वाटलं," त्या म्हणाल्या. "घरी आले, हसले, म्हणे, होते असं. डायीत काही गडबड झाली असन, म्हणे, पावसाळ्यात बघू. अट घातली तं घातली, सुधाकर काही पाचाचं ऐकल्याशिवाय राहणार हाय का? तोच उद्या येऊन भांडन अन् मीच सुरू करन."

मी विचारलं, "मग?"

"मंग तुमी आले. अन् भांडलेच नाई. खाली मान घालून बसले, बाकड्याचं बोलले. त्यायच्या तोंडाकडे पाहत नोते तुमी." त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "एक दिवस मले म्हणाले, सुनंदा, हरलो त्याचं काही नाई. पण सुधाकर आता माह्याशी भांडत नाई. माह्यावर दया करून राहिला तो. एवढा का मी गयागुजरा झालो? तवापासून लेथवर गुमान बसत. जेवतही नीट नोते."

  सूप झटकून त्या आत गेल्या.

मनोहर, ती दया नव्हती. मी भ्यालो होतो.